व्यसनमुक्ती केंद्राच्या डिटॉक्स विभागात समुपदेशक म्हणून काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकणारे विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले सहकारी, स्वतः व्यसनातून बाहेर येऊन आता याच कामात येऊ इच्छिणारे मित्र आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील निवासी केंद्रांमध्ये चालणाऱ्या कामाला धरून लिहिली आहेत. औषधांचा उल्लेख समुपदेशकाला समजावे एवढ्यापुरताच आहे. औषध कोणते आणि किती, हे डॉक्टरच ठरवतात.

१. डिटॉक्स म्हणजे नेमके काय? ते झाले की व्यसन सुटले असे समजायचे का?

दारू मेंदूला मंद करते. ती वर्षानुवर्षे रोज मिळू लागली की तोल राखण्यासाठी मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो आणि दारू अचानक थांबली की ही वाढलेली उत्तेजना तेवढी मागे उरते. हात थरथरणे, घाम, छातीत धडधड, मळमळ, झोप उडणे आणि काही जणांना झटके किंवा भास, हे सारे त्यातून येते. वॉर्डात याला सगळेच ‘विथड्रॉवल’ म्हणतात. सकाळी ‘उतारा’ म्हणून थोडी दारू घेतल्याशिवाय ज्याला दाढीचे ब्लेड धरता येत नाही, तो माणूस रोज पहाटे याच त्रासाला तात्पुरते शमवत असतो. हा काळ औषधांच्या आधाराने आणि सतत देखरेखीखाली सुखरूप पार पाडणे म्हणजे डिटॉक्स, आणि दारूच्या बाबतीत त्याला साधारण ५ ते १० दिवस लागतात.

‘दोन सलाईन लावा आणि रक्त धुऊन काढा’ अशी मागणी नातेवाईक नेहमी करतात. सलाईनने दारू धुतली जात नाही. यकृत ती काही तासांत स्वतःच संपवते. सलाईन लागते ते उलट्या आणि घामाने कोरडे पडलेले शरीर सावरण्यासाठी. डिटॉक्सनंतर शरीर दारूशिवाय चालू लागते, एवढेच साध्य झालेले असते. दारूशिवाय संध्याकाळ कशी काढायची, हे शिकण्याचे काम त्यानंतर सुरू होते.

२. औषधे डॉक्टर देतात, देखभाल परिचारिका करतात. मग तेथे समुपदेशकाचे काम काय?

डिटॉक्स विभागात समुपदेशकाने बोलायचे थोडे आणि पाहायचे पुष्कळ असते. पहिल्या दिवशी रुग्ण स्टीलच्या पेल्यातला अर्धा चहा दोन्ही हातांनी धरून पितो आणि तरीही तो सदऱ्यावर सांडतो. अशा माणसापुढे जीवनाचे ध्येय मांडण्यात अर्थ नसतो. त्याला लहान, खऱ्या आणि उपयोगी गोष्टी सांगाव्या लागतात : आज मंगळवार आहे, तुम्ही अमुक केंद्रात आहात, आज रात्री झोप नीट लागणार नाही, घाम येईल, भीती वाटेल, रात्रपाळीला अमुक ताई आहेत, हाक मारली की त्या येतील. हे दिवसातून चार वेळा सांगावे लागले तरी कंटाळू नये, कारण त्या दिवसांत ऐकलेले मनात टिकत नाही.

याशिवाय पूर्वेतिहास घेणे, कुटुंबाशी बोलणे, डॉक्टरांच्या लक्षात न आलेला बदल त्यांच्या कानावर घालणे आणि रुग्ण सावरू लागला की पुढच्या उपचाराशी त्याची गाठ घालून देणे ही कामे आहेत. माझ्या मते यातले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच सर्वांत जास्त राहून जाते. डिटॉक्स पूर्ण करून थेट घरी गेलेला आणि फॉलोअपची तारीखही ठाऊक नसलेला रुग्ण पाहिला की आपले काम अर्धे राहिले, असे मला आजही वाटते.

३. या कामासाठी कोणते शिक्षण लागते?

बहुतेक केंद्रे समाजकार्य किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मागतात. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था येथून समाजकार्य शिकून अनेक जण या क्षेत्रात आले आहेत. ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ ही मात्र वेगळी पात्रता आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. मानसशास्त्रात एम. ए. झालेल्या समुपदेशकाने स्वतःच्या नावापुढे ते पद लावू नये.

पदवीपेक्षा उमेदवारीत जास्त शिकायला मिळते. रुजू होण्यापूर्वी निदान आठवडाभर रात्रपाळीच्या परिचारिकांबरोबर वॉर्डात बसून काढावा. डिटॉक्सचे खरे रूप रात्री दोन ते पाच या वेळेत दिसते आणि समुपदेशक नेमके तेव्हा घरी असतात.

४. मी स्वतः व्यसनातून बाहेर आलो आहे. मला समुपदेशक होता येईल का?

होय, आणि आपल्याकडे याची जुनी परंपरा आहे. पुण्यातील मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले, तेव्हापासून तेथे बरे झालेले रुग्णमित्र पुढच्या रुग्णांसाठी उभे राहत आले आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ तर १९३५ पासून याच पायावर चालते. ‘मलाही असेच होत होते’ हे वाक्य तुम्ही म्हणालात तर रुग्ण मान वर करून पाहतो. मी म्हणालो तर पाहणार नाही.

दोन अटी मात्र मी आग्रहाने सांगतो. स्वतःच्या व्यसनमुक्तीला निदान दोन वर्षे झाल्याशिवाय डिटॉक्सच्या वॉर्डात कामाला बसू नये, कारण तेथील वास, घाम आणि तळमळ तुमच्याही शरीराला जुन्या दिवसांची आठवण करून देतात. दुसरे म्हणजे, तुम्ही ज्या वाटेने बाहेर आलात तीच प्रत्येकाची वाट, असे मानू नये. तुम्ही औषधांशिवाय, दात-ओठ खाऊन ‘टर्की’ (विथड्रॉवलचा त्रास) काढली असेल. म्हणून समोरच्याची औषधे हा पळपुटेपणा ठरत नाही.

५. पहिल्या मुलाखतीत नेमके काय विचारायचे?

पहिला प्रश्न नेहमी एकच : शेवटचे कधी घेतले? तारीख पुरत नाही, वेळ लागते, कारण पुढचे सगळे धोके त्या वेळेपासून मोजले जातात (प्रश्न ६ पाहा). मग किती घेता, हे रुग्णाच्या भाषेत विचारावे. ‘थोडीशी’ या शब्दाला अर्थ नसतो. नाइन्टी, क्वार्टर, हाफ, खंबा या मापांना असतो. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, हे लक्षात ठेवले की हिशेब सोपा होतो. देशी की विदेशी, हातभट्टी की ताडी, हेही नोंदवावे. हातभट्टीची तीव्रता कोणालाच ठाऊक नसते आणि तीत मिथेनॉल असू शकते. अशी दारू प्यालेला माणूस धूसर दिसत असल्याचे सांगू लागला, तर त्याची जागा आपल्या केंद्रात नाही, मोठ्या रुग्णालयात आहे.

त्यानंतर : सकाळी उतारा लागतो का, पूर्वी दारू थांबवल्यावर झटका आला होता का, भास झाले होते का, झोपेच्या गोळ्या किंवा दुसरे काही चालू आहे का, मधुमेह, कावीळ, रक्ताची उलटी, डोक्याला मार. पूर्वी झटका आलेल्या माणसाला पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून हे उत्तर मी डॉक्टरांना तोंडीही सांगतो, केवळ फाइलमध्ये लिहून थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणी चांगली आहे, पण थरथरणाऱ्या रुग्णासमोर ती काढू नये. दोन-चार दिवसांनी भरून घ्यावी. पत्नीला किंवा आईला हेच प्रश्न वेगळे बसवून विचारावेत. उत्तरांत तफावत निघाली तर ती रुग्णाच्या तोंडावर फेकायची नसते.

६. कोणती लक्षणे दिसली की बोलणे थांबवून लगेच डॉक्टरांना बोलवायचे?

शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत कंप, घाम आणि बेचैनी सुरू होते. झटके येण्याचा धोका साधारणपणे ६ ते ४८ तासांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो : स्थळकाळाचे भान सुटते, नसलेली माणसे आणि किडे दिसतात, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब वाढतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. म्हणून ‘दारू सोडल्याने कोणी मरत नाही’ हे वाक्य आपल्या तोंडून कधीही निघू नये.

विथड्रॉवलची तीव्रता मोजण्यासाठी ‘सीवा’ नावाची १० मुद्द्यांची श्रेणी वापरतात. तिचे कमाल गुण ६७ असतात. ती परिचारिका भरत असल्या तरी समुपदेशकालाही वाचता आली पाहिजे. पण श्रेणीच्या आधी डोळ्यांना कळते. एका संध्याकाळी शिंप्याचे काम करणारे एक काका पलंगावर शांत बसलेले दिसले, म्हणून मला बरे वाटले. जवळ गेल्यावर दिसले की ते एक डोळा बारीक करून हवेत सुई ओवत होते. दोरा दातांनी तोडून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ‘बाह्या किती ठेवू?’ असे विचारले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दिवा लावला, त्यांचे नाव घेऊन जवळ बसलो आणि परिचारिकेला डॉक्टरांना फोन करायला सांगितले. शांत दिसणारा रुग्ण बरा आहे असे गृहीत धरायचे नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

चाल लटपटणे, डोळ्यांची विचित्र हालचाल आणि गोंधळलेपणा यांपैकी काहीही नव्याने दिसले तरी तातडीने सांगावे. थायामिनच्या, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ च्या कमतरतेने मेंदूला होणाऱ्या इजेची ती खूण असू शकते. याच कारणासाठी दारूच्या रुग्णाला ग्लुकोज देण्यापूर्वी थायामिन दिले जाते.

७. गर्द, गांजा किंवा झोपेच्या गोळ्यांचे डिटॉक्स वेगळे असते का?

बरेच वेगळे असते. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर थांबल्यावर ८ ते २४ तासांत ‘टर्की’ सुरू होते : नाक-डोळे वाहतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो, हाडे मोडल्यासारखी दुखतात, पोट बिघडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते आणि आठवडाभरात ओसरते. एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या जिवाला त्यात सहसा धोका नसतो, पण यातना एवढ्या असतात की रुग्ण भिंतीवरून उडी टाकून पळून जातो. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांनी हा त्रास खूप कमी करता येतो, त्यामुळे ‘सोसू द्या, धडा मिळेल’ हा विचार क्रूर तर आहेच, निरुपयोगीही आहे.

गर्दच्या रुग्णाला एक गोष्ट समुपदेशकाने स्पष्ट शब्दांत आणि एकापेक्षा जास्त वेळा सांगितलीच पाहिजे. डिटॉक्सनंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जेवढी पुडी रोज लागत होती, तेवढीच आता श्वास थांबवू शकते. हे सांगितल्याने त्याला पुन्हा घेण्याची कल्पना सुचेल अशी भीती बाळगू नये. कल्पना त्याच्याकडे आधीपासून असते, माहिती नसते.

झोपेच्या गोळ्या, ज्यांना काही भागांत ‘बटन’ म्हणतात, अचानक बंद केल्या तर दारूप्रमाणेच झटके येऊ शकतात. त्या काही आठवड्यांत हळूहळू कमी कराव्या लागतात. गांजासाठी असे खास औषध नाही. चिडचिड, भूक न लागणे आणि विचित्र स्वप्ने हा त्रास होतो आणि तो आपसूक कमी होत जातो.

८. बायको-मुलांची आठवण करून दिली, चार समजुतीचे शब्द सांगितले तर रुग्णाला जाग येत नाही का?

पहिल्या तीन दिवसांत हे करू नये आणि नंतरही या स्वरूपात करू नये. त्याची मुलगी शाळेतून आल्यावर बाबा कोठे आहेत असे विचारते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्या आठवणीने येणारी शरम सहन होत नाही आणि शरमेवर त्याला माहीत असलेला एकच उपाय असतो.

विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या रुग्णांसोबतच्या कामातून प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत मांडली. तिचे सार असे की बदलाची कारणे रुग्णाच्या तोंडून यावीत, आपण ती सांगू नयेत. ‘तुम्ही दारू का सोडत नाही?’ असे विचारले की माणूस न सोडण्याची कारणे शोधतो. ‘या वेळी दाखल व्हायला तयार झालात, ते कशामुळे?’ असे विचारले की तो सोडण्याची कारणे सांगू लागतो. एका रुग्णाने या प्रश्नावर बराच वेळ गप्प राहून सांगितले, ‘म्हैस दूध काढू देईना. मी जवळ गेलो की लाथ मारायची.’ पुढचे दोन महिने आम्ही त्या म्हशीबद्दल बोलत राहिलो. कुटुंबाबद्दल तो आपण होऊन बोलू लागला तो त्यानंतर.

९. माळ घालून अनेकांची दारू सुटते. मग डिटॉक्सची गरज काय?

माळ घालून दारू सोडलेली आणि पुढे आयुष्यभर वारी केलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माळेबरोबर भजनाची संध्याकाळ मिळते, नवी सोबत मिळते आणि गावात नवी ओळख मिळते. दारू सुटलेल्या माणसाला नेमके हेच लागते. अडचण फक्त वेळेची आहे. ज्याला सकाळी उतारा लागतो, त्याने एकादशीला माळ घालून त्याच क्षणी दारू बंद केली तर द्वादशीला त्याला झटका येऊ शकतो आणि घरचे त्याला देवाचा कोप समजतात. म्हणून आधी डिटॉक्स पूर्ण करावे आणि मग माळ घालावी, असे आम्ही सुचवतो. रुग्णाच्या श्रद्धेला हात न लावता हे सांगता येते.

१०. रुग्णाला न सांगता जेवणातून दारू सोडवण्याचे औषध द्यावे का?

अजिबात देऊ नये. हा प्रश्न बहुधा पत्नी किंवा आई विचारते आणि तिने आधी जाहिरातीतल्या पावडरीवर बरेच पैसे घालवलेले असतात, म्हणून तिला दोष देत बोलू नये. ज्या औषधाबद्दल हे विचारले जाते ते बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठते. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि हृदय कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. औषध बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला आपल्या पोटात ते आहे हे ठाऊक आहे, त्याने स्वतः पत्करलेले ते कुंपण असते. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती विषबाधा आहे. डॉक्टरांच्या तपासण्या आणि रुग्णाची लेखी संमती यांनंतर हेच औषध काही जणांना उत्तम उपयोगी पडते.

११. रुग्ण यायला तयार नाही. चार माणसांनी उचलून आणले तर चालते का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक स्थितीचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाचे हक्क येथेही लागू होतात. साधारण नियम स्वेच्छेने दाखल होण्याचा आहे. संमतीशिवाय दाखल करण्याची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. पण त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी आणि स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा अथवा स्वतःची अजिबात काळजी घेता न येण्याचा धोका, या अटी आहेत आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची आहे. साखळीने बांधणे तर कलम ९५ नुसार कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. तुम्ही ज्या केंद्रात रुजू होणार आहात तेथे मारहाण किंवा डांबून ठेवणे चालत असेल, तर तेथे ‘आतून सुधारणा करू’ या आशेवर थांबू नका. ते थांबणे रुग्णांना महागात पडते.

१२. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘मी आता ठणठणीत आहे, घरी सोडा’ असे रुग्ण म्हणतो. काय करावे?

हे एवढ्या नेमाने घडते की मी ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो : ‘दादा, चौथ्या दिवशी तुम्हाला घरी जावेसे वाटेल. तसे वाटले की माझ्याकडे या, आपण बोलू.’ तो खरोखर येतो आणि अनेकदा हसतो. कंप थांबलेला असतो, जेवण जाऊ लागलेले असते, मागची नशा आणि पुढची ओढ यांच्या मधली ही उघडीप असते. अशा वेळी दीर्घ मुक्कामाची चर्चा न करता उद्या सकाळी डॉक्टर येईपर्यंत थांबण्याची विनंती करावी.

स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाला बाहेर जाण्याचा हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८८ नुसार, प्रश्न ११ मध्ये सांगितल्यासारखा धोका दिसत असेल तरच तपासणीसाठी त्याला २४ तासांपर्यंत थांबवता येते. तो गेलाच, तर भांडून पाठवू नये. औषधांची चिठ्ठी, फॉलोअपची तारीख आणि परत येण्याचे दार उघडे असल्याचा शब्द, एवढे सोबत द्यावे.

१३. पत्नी, मालक किंवा पोलीस माहिती मागतात. कोणाला किती सांगायचे?

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. उपचार करणारी चमू, नामनिर्देशित प्रतिनिधी, न्यायालयाचा आदेश आणि दुसऱ्या व्यक्तीला होऊ शकणारी इजा टाळणे हे त्याचे प्रमुख अपवाद आहेत. कंपनीने रुग्णाला पाठवले आणि खर्चही केला, तरी तिला काय कळवायचे ते रुग्णाच्या लेखी संमतीने आधीच ठरवावे. बहुधा हजेरी आणि उपचार पूर्ण झाल्याचे पत्र एवढे पुरते.

मुलाखतीत मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर मात्र निवड उरत नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ती कळवणे बंधनकारक आहे. म्हणूनच ‘येथे बोललेले कधीच बाहेर जाणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. अपवाद सुरुवातीलाच सांगावेत. गर्दच्या रुग्णांना पोलिसांची भीती वाटते. त्यांना सांगावे की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपात स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये संरक्षण आहे, मात्र उपचार पूर्ण करण्याची अट आहे.

१४. रुग्ण ‘जगून काय करू’ असे म्हणाला तर ते नशा उतरल्याचे बोलणे समजायचे का?

नाही. दारू उतरत असताना खिन्नता येते हे खरे, पण याच दिवसांत धोकाही वाढलेला असतो. ‘मरण्याचा विचार मनात येतो का? कसे करायचे ते ठरवले आहे का?’ असे सरळ, शांत आवाजात विचारावे. विचारल्याने विचार पेरला जात नाही. उत्तर होय असेल तर त्याला एकटे न सोडता डॉक्टरांना कळवावे, पलंग परिचारिकांच्या नजरेसमोर घ्यावा आणि नोंद करावी. बाहेरून फोन करणाऱ्या कुटुंबासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा शासकीय क्रमांक आहे आणि व्यसनांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आहे.

१५. स्त्री रुग्णांच्या बाबतीत काय वेगळे असते?

त्या उशिरा येतात आणि बहुधा एकट्या येतात. नवरा दाखल झाला की पत्नी डबा घेऊन येते. पत्नी दाखल झाली की घराला कुलूप लागल्यासारखे होते. स्वतंत्र कक्ष आणि स्त्री कर्मचारी नसतील तर स्त्री रुग्णाला दाखल करून घेऊ नये. अपराधीपणा पुरुषांपेक्षा खोल असतो, विशेषतः मुले लहान असतील तर.

एक अपवाद कायम लक्षात ठेवावा : औषधे सुरू होण्यापूर्वी गरोदरपणाची तपासणी झाली आहे का, हे पाहावे. गरोदर स्त्रीचे गर्द किंवा तत्सम पदार्थ अचानक बंद केल्यास गर्भाला धोका असतो. तेथे नेहमीचे डिटॉक्स करत नाहीत, डॉक्टर पर्यायी औषध चालू ठेवतात.

१६. एवढे करून रुग्ण महिन्याभरात पुन्हा प्यायला. माझे काय चुकले?

बहुधा काहीही नाही. नुसत्या डिटॉक्सनंतर पुन्हा पिणे हीच सामान्य घटना आहे. म्हणून तर प्रश्न २ मध्ये पुढच्या उपचाराशी गाठ घालण्यावर एवढा भर दिला. तो परत आला, तर ‘पुन्हा?’ हा शब्द टाळून, मधले किती दिवस प्यायला नाहीत आणि ते कसे जमले, हे आधी विचारावे. त्या दिवसांची माहिती पुढच्या खेपेला कामी येते.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणताही उपचार मिळाल्याचे आढळले होते. तुमच्याकडे तिसऱ्यांदा आलेला माणूस त्या थोडक्यांपैकी आहे आणि त्याने दार पुन्हा वाजवले आहे.

१७. पगार आणि थकवा यांबद्दल स्पष्ट सांगाल का?

पगार कामाच्या मानाने कमी असतो आणि अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत तो उशिरानेही होतो. हे ठाऊक असूनच यावे. थकवा येतो तो रुग्णांच्या त्रासापेक्षा त्यांच्या नातेवाइकांच्या फोनमुळे, म्हणून फोनची वेळ ठरवून घ्यावी. आठवड्यातून एकदा ज्येष्ठ सहकाऱ्याशी प्रकरणांवर चर्चा होत नसेल तर ती मागून घ्यावी. एखाद्या रुग्णाचा मृत्यू झाला तर दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे गटचर्चा घ्यायला बसू नये.

१८. बरा झालेला रुग्ण बाजारात भेटला तर ओळख दाखवावी का?

त्याने दाखवली तर दाखवावी, नाहीतर नाही. त्याच्यासोबत सासरची माणसे असतील, नवा मालक असेल, आणि ‘हे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला तेथे उभ्या उभ्या तयार करावे लागेल. तालुक्याच्या गावात हे विशेष जपावे लागते, कारण तेथे आपला पेशा सर्वांना ठाऊक असतो आणि आपण ज्याच्याशी बोललो तो ‘तिथलाच’ ठरतो. रुग्ण केंद्रातून निघताना मी हे त्याला सांगून ठेवतो, म्हणजे मी न पाहिल्यासारखे पुढे गेलो तर त्याला वाईट वाटत नाही. प्रश्न ६ मधले शिंपीकाका मला मंडईच्या रस्त्यावर भेटतात. सोबत कोणी असेल तर ते नुसती मान हलवतात. एकटे असतील तर माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून शिलाई पाहतात.